प्रार्थनेला आपला सूर

(रेव्हरंड नारायण वामन टिळक हे आधुनिक मराठी कवितेच्या आरंभीच्या काळातील एक मोठे कवी. फुलांचे आणि मुलांचे कवी म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतात. त्यांनी मराठी ख्रिस्ती समाजाला स्वतःच्या भाषेतील आणि स्वतःच्या चालीतील प्रार्थनागीते दिली. या कामासाठी त्यांना काय सोसावे लागले, ते या पाठात सांगितले आहे.)

तुम्ही गिरगाव चौपाटीवर गेला असाल, तर तेथील लोकमान्य टिळकांचा पुतळा तुम्ही पाहिला असेल. टिळक हे नाव ऐकले की आपल्याला तोच पुतळा आठवतो. पण या पाठात आपण दुसऱ्या टिळकांची ओळख करून घेणार आहोत. तेही कोकणातलेच. तेही त्याच काळातले. मात्र त्यांची वाट अगदी वेगळी होती.

मुंबईतला भेंडी बाजार तुम्हांला ठाऊक आहेच. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तेथे अमेरिकन मराठी मिशनचे चर्च होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्या चर्चमध्ये तेहेतीस वर्षांच्या एका ब्राह्मण कवीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. भेंडी बाजारातून जे. जे. रुग्णालय जवळच आहे. तेथे ९ मे १९१९ रोजी त्याच कवीने अखेरचा श्वास घेतला. या दोन ठिकाणांमधले अंतर थोडे. पण या दोन दिवसांमध्ये चोवीस वर्षे गेली. त्या चोवीस वर्षांत त्यांनी जे गायले, ते मराठी चर्चमध्ये आजही ऐकू येते. हे कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडिलांचा स्वभाव कडक होता. आई मात्र मायाळू होती. तिला कवितेची आवड होती. संतांचे अभंग नारायणाने लहानपणी घरातच ऐकले. कल्याणच्या शाळेत त्याचे सुरुवातीचे शिक्षण झाले. तो लहान असतानाच आई वारली. पुढे तो नाशिकला गेला. तेथे गणेशशास्त्री लेले या विद्वान गुरूंजवळ तो संस्कृत शिकला. संस्कृत काव्य त्याने मन लावून वाचले. नंतर तो इंग्रजी शाळेतही गेला. पण मॅट्रिक होण्यापूर्वीच त्याला शाळा सोडावी लागली. घर चालवायचे होते.

त्या काळात लग्ने लहान वयात होत. नारायणरावांचे लग्न झाले तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. पत्नी मनकर्णिका अकरा-बारा वर्षांची होती. सासरी तिचे नाव लक्ष्मीबाई ठेवले. या लक्ष्मीबाईंना तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हते. पुढे त्याच मराठीतल्या नामवंत लेखिका झाल्या, हे लक्षात ठेवा.

टिळक एका जागी फार दिवस राहत नसत. त्यांनी शिक्षकाची नोकरी केली, छापखान्यात खिळे जुळवले. हाती पैसा आला, तर तो गरजवंताला देऊन टाकावा, असा त्यांचा स्वभाव. नोकरी सुटली, की ते दुसऱ्या गावी जात. १८९१ मध्ये नागपूरला त्यांना संस्कृत ग्रंथांचे काम मिळाले. पण त्यांच्या मनात वेगळेच विचार चालू होते. देव सर्वांचा आहे, तर माणसामाणसांत उच्च-नीच असा भेद का, हा प्रश्न त्यांना सतावत होता.

१८९३ मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात होते. डब्यात एक परदेशी प्रवासी भेटला. बोलणे संस्कृत कवितेवरून सुरू झाले आणि धर्मावर आले. उतरताना त्या प्रवाशाने टिळकांना बायबलची एक प्रत भेट दिली. टिळकांनी ती सहज म्हणून वाचायला घेतली. येशू ख्रिस्तांनी डोंगरावर केलेला उपदेश वाचताना मात्र त्यांचे मन हेलावले. (मुस्लिम बांधव येशूंना हजरत ईसा म्हणतात.) शत्रूवरही प्रेम करावे, गरिबाला जवळ करावे, ही शिकवण त्यांना फार मोलाची वाटली. दोन वर्षे त्यांनी विचार केला. मग ते मुंबईला आले आणि भेंडी बाजारातल्या त्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

धर्म ही ज्याच्या त्याच्या मनाची गोष्ट असते. पण त्या काळी अशा निर्णयाची किंमत फार मोठी होती. टिळकांना नातेवाइकांनी दूर केले. लक्ष्मीबाईंना तर हे आधी ठाऊकच नव्हते. बातमी कळताच त्यांच्यावर आकाश कोसळले. लहानगा मुलगा दत्तू याला घेऊन त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. पती-पत्नी चार-साडेचार वर्षे एकमेकांपासून दूर होती. एका बाजूला मनाला पटलेले सत्य आणि दुसऱ्या बाजूला आपले माणूस. टिळकांनी ही दोन्ही दुःखे उराशी धरली. त्यांच्या कवितेत जो ओलावा आहे, तो या दिवसांनी दिला आहे.

टिळक आता अहमदनगरला राहू लागले. या शहराला आज अहिल्यानगर म्हणतात. तेथे मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत ते शिकवीत. रविवारी चर्चमध्ये जात. तेथे एक गोष्ट त्यांच्या कानाला खटकू लागली. उपासनेत जी गीते म्हटली जात, त्यांतली बरीचशी इंग्रजी गीतांची भाषांतरे होती. चालीही परदेशी होत्या. शब्द मराठी, पण सूर मराठी नव्हता.

यात बिघडले काय, असे तुम्ही विचाराल. एक उदाहरण पाहू. मराठीत सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा. फरक फक्त ऱ्हस्व आणि दीर्घ उकाराचा. समजा, परदेशी चालीत त्या जागी सूर लांब आहे. मग गाणारा सुत हा शब्द ओढून सूत असा म्हणणार. देवाचा पुत्र म्हणायचे होते आणि झाला देवाचा धागा! इंग्रजी गाणे शब्दातल्या जोरावर चालते. मराठी पद्य अक्षरांच्या संख्येवर आणि ऱ्हस्व-दीर्घावर चालते. तुम्ही उर्दू शाळेत गझल शिकता. शेर बहरमध्ये बसला नाही, तर तो कानाला लगेच खटकतो. तसेच मराठी माणसाला त्या गीतांचे होत होते. खेड्यातला शेतकरी ती गीते तोंडाने म्हणे. पण ती त्याच्या मनात उतरत नसत. शेतात काम करताना ती आपोआप ओठांवर येत नसत.

प्रार्थना कोणत्या भाषेत आणि कोणत्या चालीत गावी, हा प्रश्न नवा नव्हता. ख्रिस्ती धर्माच्या आरंभापासून तो पुन्हा पुन्हा उभा राहिला आहे. तो समजला, तर टिळकांचे काम किती मोठे होते, ते तुम्हांला कळेल. म्हणून थोडे मागे जाऊ.

हजरत दाऊद आणि जबूर यांचे नाव तुम्ही ऐकले आहे. ख्रिस्ती आणि यहुदी लोक दावीद राजाच्या नावाशी जोडलेल्या स्तोत्रांचा ग्रंथ पवित्र मानतात. त्यात १५० स्तोत्रे आहेत. सुरुवातीचे ख्रिस्ती लोक यहुदी समाजातलेच होते. त्यामुळे ही स्तोत्रे गाण्याची रीत त्यांना घरातूनच मिळाली. ते बहुधा वाद्यांशिवाय गात. वाद्ये मूर्तिपूजकांच्या उत्सवांत आणि नाटकांत वाजतात, म्हणून ती उपासनेत नकोत, असे अनेक धर्मगुरूंचे मत होते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. टिळकांच्या काळात तिची आठवण पुन्हा येणार आहे.

पहिली तीन शतके रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोकांचा अधूनमधून छळ होत असे. इ.स. ३१३ मध्ये त्यांना उघडपणे उपासना करण्याची मोकळीक मिळाली. मोठी चर्चे उभी राहिली. इटलीतील मिलान शहरात अँब्रोझ नावाचे बिशप होते. ३८६ मध्ये राजदरबाराने त्यांच्याकडे एक चर्च मागितले. ते देण्यास त्यांनी नकार दिला. बाहेर सैनिक होते. आत लोक रात्रंदिवस बसून होते. लोकांचा धीर सुटू नये, म्हणून अँब्रोझ यांनी त्यांना गाणी शिकवली. ही गाणी सोपी होती. एका कडव्यात चार ओळी आणि एका ओळीत आठ अक्षरे. भाषा लॅटिन होती आणि त्या काळी तेथील लोक लॅटिनच बोलत. त्यामुळे विद्वानापासून मजुरापर्यंत सर्वांनी ती गाणी गायली. दरबाराला शेवटी माघार घ्यावी लागली.

पुढे मध्ययुग आले. मठांत राहणारे साधू दिवसरात्र ठरलेल्या वेळी स्तोत्रे गात. एका आठवड्यात सगळी १५० स्तोत्रे पुरी करण्याचा नियम होता. सर्वजण एकाच सुरात, वाद्यांशिवाय गात. या गायनाला ग्रेगोरियन गायन म्हणतात. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेल्या ग्रेगरी यांचे नाव त्याला मिळाले. प्रत्यक्षात या गायनाचे रूप आठव्या-नवव्या शतकांत, युरोपातील फ्रँक राजांच्या राज्यात घडत गेले, असे अभ्यासक मानतात.

तेव्हा ही गाणी तोंडपाठ करावी लागत. चांगला गायक तयार व्हायला दहा वर्षे लागत. अकराव्या शतकात इटलीत ग्वीदो नावाचे एक साधू होऊन गेले. त्यांनी आडव्या रेषांवर खुणा करून सूर लिहिण्याची पद्धत पक्की केली. आता गायकाला न ऐकलेले गाणेही कागदावर पाहून गाता येऊ लागले. दहा वर्षांचे काम एक-दोन वर्षांत होऊ लागले. आपण सा, रे, ग, म म्हणतो, तशी सुरांना नावे देण्याची रीतही ग्वीदो यांनी एका लॅटिन गीताच्या ओळींच्या पहिल्या अक्षरांवरून घातली.

संगीत असे वाढत गेले. पण एक गोष्ट हरवली. काळ बदलला. लोक इटालियन, फ्रेंच, जर्मन अशा भाषा बोलू लागले. चर्चचे गाणे मात्र लॅटिनमध्येच राहिले. साधू गात आणि लोक ऐकत. जे गाणे एके काळी लोकांना धीर देण्यासाठी त्यांच्याच भाषेत लिहिले होते, त्याचा अर्थ आता लोकांना कळेना. सोळाव्या शतकात जर्मनीत मार्टिन ल्यूथर यांनी जर्मन भाषेत गीते लिहिली. १५२४ मध्ये अशा गीतांची पुस्तके छापली गेली. लोक पुन्हा गाऊ लागले.

आपल्या मुंबईतही हेच घडले. दादरला पोर्तुगीज चर्च नावाचे ठिकाण आहे. पोर्तुगिजांच्या काळात, १५९६ मध्ये, तेथे पहिले चर्च बांधले गेले. तेथील उपासनाही शतकानुशतके लॅटिनमध्ये चालली. दूर गोव्याच्या बाजूला फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूंनी मराठी शिकून ‘क्रिस्तपुराण’ हा मोठा ग्रंथ ओवीत लिहिला. तो १६१६ मध्ये छापला गेला. परंतु ती वाट पुढे रुंद झाली नाही. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत आले. त्यांनी शाळा काढल्या, मराठी पुस्तके छापली. गीते मात्र त्यांनी आपल्या देशातल्या चालींवर बसवली. त्यांना त्याच चाली येत होत्या.

अहमदनगरचे कृष्णराव सांगळे यांनी टिळकांच्या आधी मराठी चालींवर ख्रिस्ती गीते रचली होती आणि ख्रिस्ती कीर्तनेही केली होती. टिळकांनी हे काम पुढे नेले. त्यांच्याजवळ संस्कृतचे ज्ञान होते, कवीची प्रतिभा होती आणि लहानपणी ऐकलेले अभंग होते.

अभंग म्हणजे काय, ते समजून घ्या. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा अक्षरे आणि चौथ्यात चार अक्षरे. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी यमक जुळते. बस्स, एवढेच. हा साचा इतका सोपा आहे, की लिहिता-वाचता न येणारा माणूसही तो दोनदा ऐकून म्हणू शकतो. नामदेव, तुकाराम यांनी हाच साचा वापरला. अँब्रोझ यांनी मिलानमध्ये जे केले, तेच आपल्या संतांनी पंढरीच्या वाटेवर केले होते. दोघांनीही थोड्या अक्षरांत, लोकांच्या भाषेत, सर्वांना एकत्र गाता येईल असे गाणे दिले.

टिळकांनी अभंगात ख्रिस्तभक्ती लिहिली. ते देवाला आई म्हणून हाक मारीत. ख्रिस्ताला ते माउली म्हणत. हे शब्द मराठी माणसाला परके नव्हते. आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत. धर्म बदलला, तरी त्यांनी आपली भाषा सोडली नाही आणि देशही सोडला नाही. परदेशी पोशाख आणि परदेशी चाली म्हणजे ख्रिस्ती धर्म नव्हे, हे ते आपल्या लोकांना समजावून सांगत.

ते कीर्तनही करीत. कीर्तनात कीर्तनकार उभा राहतो. मागे टाळ आणि मृदंग वाजवणारे साथीदार असतात. पूर्वरंगात एक विचार मांडायचा आणि उत्तररंगात त्यावर एखादी गोष्ट सांगायची. मध्ये मध्ये पदे गायची. श्रोतेही त्यांत सूर मिळवतात. टिळकांनी या पद्धतीने येशूंच्या जीवनातील गोष्टी गावोगावी सांगितल्या.

सर्वांना हे आवडले असे समजू नका. काही मिशनरींना आणि काही मराठी ख्रिस्ती लोकांनाही टाळ-मृदंगाचा आवाज चर्चमध्ये नको होता. त्यांना वाटे, ज्या चाली देवळात ऐकल्या, त्या येथे कशाला? जुने सोडायचे म्हणून आपण आलो आणि हे टिळक जुनेच परत आणत आहेत. सुरुवातीच्या ख्रिस्ती धर्मगुरूंनी वाद्यांना विरोध केला होता, ते तुम्हांला आठवत असेल. भीती तीच होती. ही भीती खोटी होती असेही म्हणता येणार नाही. ज्यांनी जातीमुळे अपमान सोसला, त्यांना जुन्या सुरांतून त्या अपमानाचीही आठवण येत असेल. टिळकांनी भांडण केले नाही. त्यांनी गीते लिहिली. लोक ती गाऊ लागले. वादाचे उत्तर लोकांच्या ओठांनी दिले.

इकडे घरातही बदल होत होता. लक्ष्मीबाई आणि दत्तू टिळकांकडे परत आले. लक्ष्मीबाईंनी आपला धर्म सोडला नव्हता. त्या आपला स्वयंपाक वेगळा करीत, सोवळे पाळीत. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. हळूहळू लक्ष्मीबाईंच्या मनातून जातीचा भेद गेला. पुढे १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या इच्छेने बाप्तिस्मा घेतला. त्या काळात दुष्काळाने अनेक मुले अनाथ झाली होती. टिळक दांपत्याने अशा मुलांना आपल्या घरात आसरा दिला. स्वतःच्या घरात पुरेसे नसताना ते दुसऱ्याला घास देत. पुढे प्रसिद्ध झालेले बालकवी ठोंबरे हेसुद्धा काही काळ त्यांच्या घरी राहिले.

टिळकांनी केवळ प्रार्थनागीतेच लिहिली असे नाही. फुले, पाखरे, मुले आणि घर यांवर त्यांनी सुंदर कविता लिहिल्या. शिकाऱ्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीवरची त्यांची ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांनी शाळेत पाठ केली आहे.

१९०४ मध्ये टिळकांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली आणि ते रेव्हरंड झाले. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’ या पत्राच्या मराठी विभागाचे संपादक होते. हे पत्र १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू झाले होते. १९०९ मध्ये त्यांनी येशूंच्या जीवनावर ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लिहायला घेतले. ‘अभंगांजली’ हा त्यांच्या अभंगांचा संग्रहही प्रसिद्ध आहे.

१९१७ मध्ये त्यांनी आणखी एक मोठे पाऊल उचलले. मिशनचे काम आणि पगार त्यांनी सोडला. संन्यासी वृत्तीने राहण्याचा निश्चय केला. साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ नावाची मंडळी त्यांनी सुरू केली. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला त्या दरबारात जागा होती. वय पंचावन्नच्या पुढे गेले होते, प्रकृती ठीक नव्हती, हातात ठरलेले उत्पन्न नव्हते. तरी ते डगमगले नाहीत. परंतु त्यांना फार दिवस मिळाले नाहीत. आजारपणात त्यांना मुंबईला आणले. जे. जे. रुग्णालयात ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या माघारी दरबार टिकला नाही. गीते मात्र टिकली.

‘ख्रिस्तायन’चे फक्त दहा अध्याय टिळकांच्या हातून झाले होते. उरलेले काम कोणी करावे? ज्यांना लग्नाच्या वेळी अक्षरओळखही नव्हती, त्या लक्ष्मीबाईंनी लेखणी उचलली. त्यांनी चौसष्ट अध्याय लिहिले. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत त्याची गणना होते. टिळकांचे मोठेपण, त्यांचा विसराळूपणा आणि त्यांचा राग या सर्व गोष्टी त्यात हसत हसत सांगितल्या आहेत. कधी मिळाले, तर ते पुस्तक अवश्य वाचा.

टिळकांची पुष्कळ गीते ‘उपासना संगीत’ या मराठी प्रार्थनागीतांच्या पुस्तकात आहेत. मराठी चर्चमध्ये ती पेटी-तबल्याच्या साथीने गायली जातात. रोमन कॅथलिक पंथात लॅटिनऐवजी लोकांच्या भाषा वापरण्याला १९६३ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मसभेने मोकळीक दिली. त्यानंतर मुंबई आणि वसई भागातील कॅथलिक चर्चमध्येही मराठी उपासना आणि मराठी गीते आली. टिळकांनी जे ओळखले होते, ते जगाने सुमारे अर्ध्या शतकानंतर मान्य केले.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही सकाळी शाळेत अल्लामा इक्बाल यांनी मुलांसाठी लिहिलेली दुआ म्हणत असाल. मिलादच्या मैफलीत नात ऐकत असाल. त्या ओळी तुमच्या मनात का राहतात? कारण त्या तुमच्या भाषेत, तुमच्या कानाला ओळखीच्या लयीत आहेत. टिळकांना आपल्या लोकांसाठी हेच हवे होते.

आणखी एक गोष्ट सांगून पाठ संपवू. टिळकांनी ज्या नगर जिल्ह्यात काम केले, त्याच जिल्ह्यात श्रीगोंदे नावाचे गाव आहे. तेथे टिळकांच्या सुमारे तीनशे वर्षे आधी शेख महंमद नावाचे मुस्लिम संत राहत होते. त्यांनी मराठी ओव्या आणि अभंग लिहिले. ‘योगसंग्राम’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. म्हणजे पाहा, एकाच अभंगाच्या साच्यात तुकारामांनी विठ्ठलाला हाक मारली, शेख महंमदांनी आपले सूफी विचार मांडले आणि टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती गायली. मराठी भाषेने कोणालाही दारात अडवले नाही. ज्याने तिला आपली म्हटले, त्याची ती झाली. आज तुम्ही ही भाषा शिकत आहात. तीही तुमचीच आहे.

शब्दार्थ

उपासना – इबादत, देवाची प्रार्थना
बाप्तिस्मा – ख्रिस्ती धर्मात प्रवेशाचा विधी
पाळक – चर्चमधील धर्मगुरू
स्तोत्र – देवाच्या स्तुतीचे गीत
चरण – कवितेच्या ओळीचा भाग
यमक – ओळींच्या शेवटी जुळणारी अक्षरे, काफिया
सोवळे – शिवाशिव टाळण्याचा जुना रिवाज
आसरा – आधार, राहण्याची जागा
डगमगणे – धीर सोडणे

वाक्प्रचार

आकाश कोसळणे – फार मोठे संकट येणे
उराशी धरणे – मनात जपून ठेवणे
पाऊल उचलणे – एखादे काम निश्चयाने सुरू करणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) टिळकांनी बाप्तिस्मा कोठे घेतला?
(आ) आगगाडीतील प्रवाशाने टिळकांना काय दिले?
(इ) ग्वीदो यांनी कोणती पद्धत पक्की केली?
(ई) ‘ख्रिस्तायन’ कोणी पूर्ण केले?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) परदेशी चालीतील मराठी गीते टिळकांना का खटकत?
(आ) अँब्रोझ यांची गाणी आणि अभंग यांत कोणते साम्य आहे?
(इ) काही लोकांनी टाळ-मृदंगाला विरोध का केला?

३. सुत–सूत यांसारख्या ऱ्हस्व-दीर्घामुळे अर्थ बदलणाऱ्या शब्दांच्या दोन जोड्या शोधा आणि वाक्यांत उपयोग करा.

४. तुमच्या घरी किंवा मोहल्ल्यात म्हटल्या जाणाऱ्या एखाद्या दुआ, हम्द किंवा नातचा भाव मराठीत पाच ओळींत लिहा.